एका वेळी एकच रकाना

माती तपासणीच्या कामात डोळे किती लागतात, हे मला डोळे अधू व्हायला लागल्यावर कळलं. जळगावातल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी लग्नानंतर नोकरीला लागले आणि तिथंच मुरले. शेतकरी पिशवीत माती आणून देतात. ती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, मग तिचा अर्क काढून यंत्रांवर आकडे घ्यायचे. सामू म्हणजे पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह. माझं काम शेवटचं. सगळे आकडे संगणकावर नजरेखालून घालायचे, एखादा विचित्र वाटला तर तो नमुना परत लावायला सांगायचा, आणि सगळं ठीक असेल तर त्या शेतकऱ्याच्या मातीची पत्रिका छापायला सोडायची. मला ते काम आवडायचं. आकड्यांवरून वावर डोळ्यांपुढे उभं राहायचं. माझं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. तिकडची काळीभोर माती आणि साक्रीकडच्या डोंगराची मुरमाड माती मला पिशवी न उघडता, नुसत्या आकड्यांवरून ओळखू यायची.

मग आकड्यांच्या मधोमध एक डाग यायला लागला. ओल्या बोटानं शाई पुसावी तसा. टिंब कुठे आहे ते दिसेना, सहा आहे की आठ ते कळेना. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नवरा पिंप्राळ्यातल्या आमच्या घरून स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, बराच वेळ यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. कडेचं दिसणं राहील. मधलं जे गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"चष्मा?" नवऱ्यानं विचारलं.

"चष्म्याचं काम नाही हे."

परत येताना थेंबांमुळे सगळ्या रस्त्यावर ऊन सांडल्यासारखं झालं होतं. मी त्याच्या खांद्याला धरून डोळे मिटून बसले होते.

घरात सगळ्यांचं एकमत झालं की आता नोकरी सोडावी. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, खूप केलंस, आता आराम कर." नवरा म्हणाला, "डोळ्यांपेक्षा मोठं काही नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं, मायेनंच बोलत होते. पण प्रत्येक वेळी कोणी 'आराम' म्हटलं की मला घरातली जुनी खुर्ची माळ्यावर चढवतात तसं वाटायचं. प्रयोगशाळेचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी मला रजा दिली आणि स्पष्ट सांगितलं, "ताई, तुम्हाला मी काढत नाही. पण आकडा चुकला तर शेतकरी चुकीचं खत टाकेल. हे तुम्हीच मला शिकवलंय." त्यांचंही खरंच होतं.

याच रजेत एका सकाळी माझी नणंद धुळ्याहून आली. नवऱ्याची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती धुळ्यातल्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. सकाळी खोली उघडायची, संगणक सुरू करायचे, बिघडलेल्याची नोंद करायची, मुलांचा दंगा आवरायचा. आमचं दोघींचं कधी भांडण नव्हतं, पण फारशी जवळीकही नव्हती. ती फटकळ. शिवाय तिची बोली साक्रीकडची अहिराणी, माझी रावेरकडची लेवा बोली. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांचं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' ऐकून मी गोंधळायचे आणि माझं बोलणं ऐकून ती हसायची. त्यावर तोडगा म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आलो होतो, आणि त्यातच थोडा परकेपणा राहून गेला होता.

ती आली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली. तब्येतीची चौकशी नाही, हळहळ नाही. म्हणाली, "तुला काय दिसत नाही ते सगळ्यांनी सांगितलं मला. दिसतं काय, ते तू सांग."

मला कोणी तसं विचारलंच नव्हतं.

तिनं टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं. बातमीचा मजकूर मला वाचता आला नाही. मोठा मथळा नजर जरा तिरकी करून वाचता आला, पण ओळ लांब असली की अर्ध्यावर मी हरवायचे. मग अक्कानं एका कोऱ्या कागदावर स्केचपेननं एकाखाली एक असे काही आकडे लिहिले, ठसठशीत. ते मी वाचले. हळू, मान कलती करून, पण सगळे बरोबर वाचले.

"म्हणजे उभं दिसतं," अक्का म्हणाली. "आडवं जायला त्रास आहे. तुमच्या कामाचे आकडे कसे असतात?"

मी सांगितलं की एकेका नमुन्याची एक लांबलचक आडवी ओळ असते. नमुन्याचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर आणि पुढे सगळे आकडे. अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते, उजवीकडे सरकत जावं तर नाव डावीकडे निघून जातं, आणि आपण कोणाच्या वावराचा आकडा पाहतोय तेच कळत नाही. नावाचा रकाना जागच्या जागी गोठवून पाहिला, तर त्या मोठ्या अक्षरांत त्यानंच अर्धा पडदा खाल्ला.

"ती फाईल साध्या मजकुराची करता येते का? नुसते स्वल्पविराम टाकलेली?"

"येते. आमचा प्रोग्राम तशीच काढून देतो."

"मग आपण हवा तेवढाच रकाना कापून काढू," अक्का म्हणाली. जणू भाजीच निवडायची होती.

मी प्रयोगशाळेत फोन करून एक जुनी फाईल मेलवर मागवली. घरात मुलानं सोडून दिलेला एक लॅपटॉप होता, त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं. अक्कानं तो उघडला आणि काळा पडदा आणला. ज्यात माउस नाही, चित्रं नाहीत, नुसतं टाईप करायचं आणि खाली उत्तर यायचं, असा. काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि ती हवी तेवढी मोठी होत होती. डागाच्या कडेनं सुद्धा दिसतील एवढी. मग तिनं मला आज्ञा टाईप करायला लावली. स्वतः केली नाही, मला करायला लावली.

"सी यू टी. कट. मग जागा सोड. आडवी रेघ, डी, आणि लगेच स्वल्पविराम. म्हणजे रकाने कशानं वेगळे केलेत ते सांगितलं. परत जागा. आडवी रेघ, एफ, आणि रकान्यांचे नंबर. नमुन्याचा नंबर पहिला ना? आणि सामू?"

"पाचवा."

"मग एक, स्वल्पविराम, पाच. जागा सोड, फाईलचं नाव लिही, एंटर मार."

cut -d, -f1,5 mati.csv

एवढीशी ओळ. टायपिंगची सवय बोटांना होती, त्यासाठी डोळ्यांची गरज नव्हती. एंटर मारला आणि पडद्यावर एकाखाली एक, फक्त नमुन्याचा नंबर आणि सामू, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत खाली खाली उतरत गेले. सगळा पसारा गेला होता. मी मान कलती केली आणि वाचायला लागले. सात पूर्णांक नऊ. आठ पूर्णांक दोन. सात पूर्णांक सहा.

मला रडू आलं. अक्काला रडणं आवडत नाही. ती अहिराणीत म्हणाली, "काय व्हयनं आते? दखास ना?" आता काय झालं, दिसतंय ना, एवढंच; पण त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा तिच्या बोलीत बोलली.

ती संध्याकाळच्या बसनं परत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिच्या कॉलेजची चहाची सुट्टी झाली की फोन यायला लागला. मी लॅपटॉप उघडून, फोन स्पीकरवर टाकून बसायचे. ती सांगायची, मी टाईप करायचे, काय आलं ते तिला वाचून दाखवायचे. कधी जागा सोडायची विसरायचे, कधी सोडू नये तिथे सोडायचे. "काय म्हणतंय ते?" ती विचारायची. मी चूक दाखवणारी ओळ अक्षर अक्षर वाचायचे. एकदा मी आधी पाच आणि मग एक लिहिलं, की सामू अगोदर दिसावा. तरी नंबरच पुढे आला. मला वाटलं माझंच चुकलं. अक्का म्हणाली, "ते कट आहे, ते फक्त कापतं. फाईलमध्ये ज्या क्रमानं आहे त्याच क्रमानं देतं." एकदा आम्ही रकान्याऐवजी अक्षरं मोजून कापायला गेलो, तर मराठी नावांचे असे तुकडे झाले की पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्यावर आम्ही दोघी फोनवर कितीतरी वेळ हसलो. इतक्या वर्षांत तिच्याबरोबर मी तशी कधी हसले नव्हते.

सरांकडे गेले तेव्हा मी त्यांना करूनच दाखवलं. एक एक रकाना काढून वाचला. त्यांनी छापील कागद हातात धरून पडताळून पाहिलं. मग म्हणाले, "आधी तुम्ही तपासायचं, मग दुसऱ्या कोणी. काही दिवस असं करू. जमलं तर जमलं." मला तेवढंच हवं होतं. नवऱ्यानं पुन्हा सकाळ-संध्याकाळ मला सोडायला-आणायला सुरुवात केली. नोकरी सोड असं तो परत म्हणाला नाही. उलट, कोणी विचारलं तर सांगायचा, "ती आता काळ्या पडद्यावर काम करते," आणि त्यात त्याचा थोडा रुबाब असायचा.

कामाला लागून थोडेच दिवस झाले असतील. मी क्षारतेचा रकाना काढून वाचत होते आणि एका नमुन्याला सात पूर्णांक आठ दिसला. मी थांबले. क्षारता एवढी असेल तर त्या वावरात पांढरा थर फुटलेला असणार, तिथं गवतसुद्धा उगवणार नाही. माती पाहिली तर चांगली, नेहमीसारखी काळी. मग मी सामूचा रकाना काढला, आणि त्याच नमुन्यापुढे सामूऐवजी काहीतरी भलतंच आलं. मान कलती करून वाचलं. एक गट नंबर होता. त्याच्या मागच्या रकान्यात गट नंबराऐवजी गाव, आणि गावाच्या जागी फक्त 'मु. पो.'

यंत्राची चूक नव्हती. नोंद करणाऱ्यानं गाव लिहिताना मध्ये स्वल्पविराम दिला होता. कट बिचारं प्रत्येक स्वल्पविरामाला नवा रकाना समजत होतं, आणि त्या ओळीचे सगळे आकडे एकेक घर पुढे सरकले होते. मूळ नोंद बरोबरच होती. माझ्या कापण्यातच घोळ झाला होता. पण हे मला माझ्या मातीच्या ओळखीमुळे कळलं होतं, डोळ्यांमुळे नव्हे, आणि त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दुपारी अक्काला सांगितलं. तिनं मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी फोनवर आल्या आल्याच म्हणाली, "स्वल्पविरामच नको. प्रोग्राम करून देणाऱ्याला म्हण, रकान्यांच्या मध्ये टॅब घाल. नावात-गावात कोणी टॅब मारत नाही. आणि कटला टॅब आपोआप समजतो, मग ते डी वगैरे काही लिहायचीही गरज नाही." प्रोग्रामवाल्यानं ते सहज करून दिलं. माझी आज्ञा आणखी छोटी झाली.

पुढे एकदा साक्री तालुक्यातल्या, माझ्या सासरच्याच गावात, आमच्या प्रयोगशाळेनं शेतकऱ्यांसाठी शिबिर ठेवलं. नमुने आधीच गोळा करून तपासून झाले होते. त्या दिवशी पत्रिका छापून द्यायच्या आणि समजावून सांगायचं होतं. मी आदल्या दिवशी धुळ्याला अक्काकडे मुक्कामाला गेले. सकाळी ती म्हणाली, कॉलेजात किल्ली द्यायची आहे, पाच मिनिटं चल. तिथं तिच्या खोलीत एक तरुण प्राध्यापक बसले होते. अक्कानं ओळख करून दिली तसे ते उठून उभेच राहिले.

"म्हणजे जळगावच्या वहिनी त्या तुम्हीच?" ते हसत म्हणाले. "तुमच्यापायी आम्हाला फार सोसावं लागलंय."

मला काही कळेना.

"अक्का रोज सकाळी एक प्रश्न घेऊन माझ्या टेबलापाशी उभ्या. सर, रकान्यात मध्येच स्वल्पविराम आला तर काय करायचं? सर, आधीचा नंतर कसा आणायचा? मी सांगायचो, तर तेवढ्यावर भागायचं नाही. स्वतः बसून करून बघायच्या, चुकलं की परत विचारायच्या. मला वाटलं, या वयात परीक्षा-बिरीक्षा देतायत की काय."

"सर, तुमचा तास आहे ना?" अक्का म्हणाली आणि खिडक्या उघडायला लागली. खिडक्या आधीच उघड्या होत्या.

साक्रीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मला वाटत आलं होतं की अक्काला हे सगळं येतं आणि त्यातलं थोडं थोडं ती मला देते. तिला त्या पहिल्या दिवसापुरतंच येत होतं. पुढचं सगळं ती त्या त्या दिवशी सकाळी माझ्यासाठी शिकत होती.

"अक्का, तुम्ही सांगितलं का नाही?" मी शेवटी विचारलं.

"काय सांगायचं?"

"की तुम्हालाही येत नव्हतं."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? राहू द्या अक्का, तुम्हाला कशाला त्रास. आणि बसली असतीस घरात." तिनं बाहेर बघतच उत्तर दिलं. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही, तिकीट मात्र दुसऱ्या हातात धरलं.

गावात शाळेच्या ओसरीवर माणसं येऊन बसली होती. सर प्रिंटर लावून तयार होते आणि वीज नव्हती. कधी येईल विचारावं तर कोणालाच ठाऊक नाही. लोक कामं टाकून आलेले. सर अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागले. मी म्हटलं, "सर, लॅपटॉपची बॅटरी भरलेली आहे. मी एकेकाला दाखवते."

हव्या त्या नमुन्याची एकच ओळ शोधून काढायची दुसरी आज्ञा अक्कानं मला मागेच शिकवली होती. ती आणि कट, दोन्ही जोडले की एका माणसाच्या वावराचा एकच आकडा पडद्यावर यायचा, बोटभर उंच. ओसरीवर ऊन येत होतं, म्हणून अक्का शेजारी उभी राहून पदर ताणून पडद्यावर सावली धरत होती. मी एकेकाला बोलवून सांगायला लागले. हा सामू, ठीक आहे. हा कर्ब, कमी आहे, शेणखत वाढवा, काडीकचरा जाळू नका.

नवऱ्याचे एक चुलत काका आले, सगळे त्यांना नाना म्हणतात. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेल्यातच जमा होती. मी त्यांचा सामू पडद्यावर आणला आणि आता सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते वाकले, पडद्याच्या अगदी जवळ आले आणि मोठ्यानं म्हणाले, "सात. टिंब. आठ."

मागची माणसं माना उंचावून बघायला लागली.

"माले दखास," नाना म्हणाले. "हाऊ मन्हाच वावरना आकडा शे का?"

"तुमचाच, नाना."

त्यांनी मग एकेक करून सगळे आकडे स्वतः वाचले. मला वाचू दिलं नाही. पूर्वी मिळालेल्या पत्रिका त्यांच्या घरात देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेल्या होत्या, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. बारीक अक्षरामुळे त्या कधी कोणी वाचल्या नव्हत्या. नाना उठले, तर मागची म्हातारी माणसं आपणहून पुढे सरकली. कोणाला सांगून घ्यायचं नव्हतं, प्रत्येकाला वाचायचं होतं. दुपारी वीज आली तरी माणसं प्रिंटरकडे गेली नाहीत, माझ्यासमोर रांगेतच उभी राहिली.

सर मागे उभे राहून हे पाहत होते. जळगावला परतल्यावर त्यांनी पत्रिका नव्यानं मांडून घेतली. महत्त्वाचे आकडे मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक, बाकीचं मागच्या बाजूला. ती छपाईला जाण्याआधी त्यांनी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "ताई, दिसतंय?" मी वाचून दाखवली.

माझे डोळे डॉक्टर म्हणाले तसे आहेत. डावा आणखी थोडा गेला, उजवा इंजेक्शनांवर टिकून आहे. भाजीवाल्याचा चेहरा मला आता ओळखू येत नाही, आवाजावरून ओळखते. पण सकाळी प्रयोगशाळेत जाऊन बसते, काळा पडदा उघडते, आणि आलेल्या मातीतून एक एक रकाना कापत, वाचत जाते. नोकरीत नव्यानं लागलेली मुलं मला विचारतात, मॅडम, पूर्ण तक्ता न बघता तुम्हाला जमतं कसं? जमतं. सगळं एकदम बघायची गरज नसते, हे मला आधी माहीत नव्हतं.

देवाला हात जोडताना मी हल्ली फार काही मागत नाही. डॉक्टरांची आठवण काढते, सरांची काढते. ज्यांच्याशी मी जेमतेम दोन वाक्यं बोलले त्या धुळ्याच्या प्राध्यापकांची काढते. ही आज्ञा ज्यानं कोणी, कुठल्या तरी देशात बसून, कधीकाळी लिहून सगळ्यांसाठी मोकळी सोडली, त्या माणसाचंही भलं चिंतते. माझ्यासारखी कोणी खानदेशात ती वापरेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल. अक्काचं मात्र देवापुढे बोलत नाही. तिला फोन करते. ती आता निवृत्त झाली आहे, दुपारी घरीच असते. आमच्यात संगणकाचं काही निघत नाही. ती अहिराणीत बोलते, मी माझ्या माहेरच्या बोलीत बोलते, आणि दोघींना सगळं समजतं.